डीजे म्हणजे माणूस की भिंत?

पनवेल सोडून पेणच्या दिशेने निघालेली गाडी रसायनी मागे टाकते आणि आपटा येते. दसऱ्याला ज्याची पाने आपण सोने म्हणून एकमेकांच्या हातात देतो, त्या झाडाचेच नाव मिरवणारे हे पाताळगंगेकाठचे गाव. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटातला, धावत्या गाडीतून हात पुढे करण्याचा तो शेवटचा प्रसंग याच स्थानकावर चित्रित झाला. त्यामुळे ज्यांनी गावाचे नाव कधी ऐकले नाही, त्यांनीही हा फलाट पाहिलेला आहे. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि याच रुळांवरून मुंबईच्या गाड्या थेट गोव्याला जाऊ लागल्या.

लग्नसराईत मात्र या पट्ट्यात गाडीच्या शिट्टीहून मोठा असा दुसराच आवाज असतो. पनवेल, पेण, उरणच्या गावांतून हळदीची रात्र आता डीजेशिवाय होत नाही. 'डीजे कोणता सांगितलाय?' असे विचारले, तर उत्तरात माणसाचे नाव येण्याआधी बॉक्स किती, बेस किती आणि दिवे कसे हे सांगितले जाते. मराठीत हा शब्द गेल्या तीसेक वर्षांत रुळला आणि रुळता रुळता त्यातला माणूस नाहीसा झाला. 'डीजे लावला', 'डीजे बंद पाडला', 'डीजेचा ट्रक अडकला' असे आपण सहज बोलतो. डीजे म्हणजे आपल्या लेखी बॉक्सची एक भिंत. मूळ शब्द मात्र 'डिस्क जॉकी'. तबकडी निवडणारा, ती केव्हा लावायची आणि केव्हा उतरवायची हे ठरवणारा माणूस.

हा केवळ शब्दाचा घोटाळा नाही. घराघरांतून आज जो वाद चालतो, त्याचे मूळ इथेच आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर तासभर एकच एक ठेका चाललेला असतो. ते ट्रान्स नावाचे संगीत असते आणि कुणा डीजेने अनेक रचना एकमेकींत गुंफून तयार केलेला तो सलग अल्बम असतो. आजोबा म्हणतात, हे यंत्र बिघडल्यासारखे काय वाजते आहे? बाबा म्हणतात, दुसऱ्यांची गाणी एकापुढे एक लावली, यात याने स्वतःचे काय केले? आईला काळजी वेगळीच असते. असले संगीत जिथे वाजते, तिथे आणखी काय काय चालते? आणि मूल म्हणते, 'तुम्हाला नाही कळणार.' येथे संभाषण संपते आणि दार बंद होते.

बंद दाराच्या दोन्ही बाजूंना चूक आहे. ती कोणती, हे पाहायचे तर आधी हे संगीत आहे तरी काय, ते थोडे समजून घ्यायला हवे.

आपट्यावरून जाणारी गाडी जिथे पोहोचते, त्या गोव्याचे नावच या संगीताच्या एका शाखेला लागलेले आहे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून युरोप-अमेरिकेतले हिप्पी हणजूणच्या किनाऱ्यावर येऊन राहू लागले. पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर नाच होऊ लागले. आरंभी तिथे गिटारचे रॉक संगीत होते. ऐंशीच्या दशकात त्याची जागा इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी घेतली आणि नव्वदच्या दशकात 'गोवा ट्रान्स' हे नाव जगभर झाले. कॅलिफोर्नियाहून आलेला आणि पुढे 'गोवा गिल' म्हणून ओळखला गेलेला वादक या परंपरेतला एक मुख्य माणूस. रात्रभरच काय, कधी चोवीस तासही तो सलग वाजवीत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे निधन झाले.

या मंडळींची एक अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. पाश्चात्त्य नाचघरांत डीजे ग्रामोफोनच्या दोन तबकड्या वापरीत. पहिल्या तबकडीवरची रचना संपण्याआधी दुसरी हेडफोनमधून ऐकायची, दोहोंची गती जुळवायची, मात्रेवर मात्रा बसवायची आणि पहिलीचा आवाज उतरवीत दुसरीला वर आणायचे, अशी ती रीत. गोव्याच्या उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकेनात. म्हणून तिथे कॅसेट आणि नंतर 'डॅट' नावाची डिजिटल फीत आली. पण डॅटच्या यंत्रावर गती कमी-जास्त करण्याची सोय नसे. मग मात्रेवर मात्रा बसवण्याऐवजी एका रचनेचा शांत होत जाणारा शेवट दुसरीच्या संथ आरंभात मिसळण्यावर भर आला. पुढच्या ट्रान्स रचनांतले लांब, ठेका नसलेले आरंभ आणि शेवट ऐकताना ही गोष्ट आठवावी. साधनाच्या मर्यादेतून शैली घडते, हे आपल्याला नवे नाही.

हे संगीत किनाऱ्यावरून घरात आणणारा जो कार्यक्रम मैलाचा दगड मानला जातो, तो १८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसीच्या रेडिओ वनवर झाला. पॉल ओकनफोल्ड या इंग्रज डीजेने दोन तासांची सलग गुंफण सादर केली आणि ती 'गोवा मिक्स' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. तिच्यात नुसता ठेका नव्हता. मध्ये मध्ये चित्रपटांचे पार्श्वसंगीत होते, बिनठेक्याचे स्वर होते, मानवी आवाज होते. लोकांनी ती रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतली आणि एकमेकांना दिली. तीस वर्षे उलटून गेली तरी या प्रकारचे शौकीन तिच्याविषयी वाद घालतात, हे विशेष. ठेका इतक्या वेळा थांबवावा का? सिनेमाचे संगीत मध्ये आणल्याने रंग चढतो की उतरतो? ही चर्चा आपल्या ओळखीची नाही काय? गवयाने विलंबितात फार वेळ घालवला की नाही, ठुमरी मध्येच का घेतली, यावर आपल्याकडे मैफल संपल्यावर चहाच्या टपरीवर जे होते, तेच हे.

आता घरातल्या आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप, 'तेच ते वाजते.' हे खरेच आहे. ट्रान्समध्ये मिनिटाला साधारण १३० ते १५० ठोके पडतात, चार-चारच्या गटाने पडतात आणि बदल होतो तो आठ, सोळा, बत्तीस आवर्तनांनी. पण सोळा मात्रांच्या त्रितालात वाढलेल्या कानाला हे चौपटीचे गणित परके वाटण्याचे कारण नाही. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर तासभर एकच नगमा फिरत असतो. त्याला कुणी कंटाळवाणा म्हणत नाही, कारण त्याच्या आधाराने दुसरे काहीतरी घडते आहे हे आपल्याला ठाऊक असते. दिंडीत टाळ-मृदंगावर एकाच नामाचा गजर अर्धा-अर्धा तास चालतो आणि त्या 'तेच ते'मध्येच माणूस हरवतो. तेव्हा विचारायचा प्रश्न 'तेच ते का?' हा नव्हे. 'या तेच त्यावर काय बदलते आहे?' हा विचारायचा. चांगल्या अल्बममध्ये उत्तर मिळते. एक स्वर हळूहळू धारदार होत जातो, दुसरा मागून उगवतो, ठेका थांबतो आणि परतण्याची वाट पाहायला लावतो. वाईट अल्बममध्ये उत्तर मिळत नाही. मग कंटाळवाणे म्हणायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रचना दुसऱ्यांच्या, मग वर नाव याचे का? येथे आपल्या कीर्तनकाराची आठवण करावी. तो निरूपणाला तुकोबांचा अभंग घेतो, मध्ये नामदेवांचे प्रमाण देतो, एकनाथांची गौळण आणतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. यातले बहुतेक शब्द त्याचे नसतात. तरी कीर्तन त्याचे असते. कशानंतर काय, किती वेळ, श्रोत्यांना कुठे थांबवायचे आणि कुठे उठवायचे, ही त्याची कला. डीजेने गुंफलेला अल्बमही याच कसोटीला लावावा. सीडीच्या एका तबकडीवर चौऱ्याहत्तर ते ऐंशी मिनिटांची जागा असे, त्यामुळे या अल्बमांचा पिंडच तासा-सव्वातासाचा झाला. एवढ्या वेळात त्याने आपल्याला कुठून कुठे नेले? सांधे कळले की नाही? कळले तर ते खुपले की सुखावले?

पण कीर्तनकाराची तुलना पुढे नेली, तर ती डीजेला एक जबाबदारीही दाखवते. कीर्तनकार 'तुका म्हणे' आणि 'नामा म्हणे' हे गाळत नाही. ज्याचे शब्द त्याचे नाव. रीतसर निघणाऱ्या अल्बमवर मूळ रचनाकारांची नावे छापलेली असतात. आपल्याकडे हळदीत वाजणाऱ्या कोळीगीतांच्या आणि आगरी गाण्यांच्या मिश्रणांत मात्र मूळ कवी कोण, गायिका कोण, ढोलकी कुणाची, याचा पत्ता बहुधा नसतो. असतो तो गाण्याच्या मध्येच घुमणारा मिश्रण करणाऱ्याच्या नावाचा पुकारा. बाबांचा आक्षेप येथे सोळा आणे खरा आहे. मुलांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

तिसरा आक्षेप यंत्राचा. 'हे संगीत नव्हे, हे मशीन.' याला उत्तर द्यायला मुंबईचेच एक उदाहरण आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी एक तबकडी केली. भैरव, ललित, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग त्यांनी त्या काळी नवीन आलेल्या रोलंड कंपनीच्या यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्या वेळी श्रोत्यांनी फारशी दखल घेतली नाही. राग ऐकणाऱ्यांना तो डिस्को वाटला असेल आणि डिस्कोवर नाचणाऱ्यांना राग. पुढे त्याच यंत्रांपैकी एकाचा, म्हणजे 'टीबी ३०३'चा, वळवळणारा आवाज शिकागोच्या नाचघरांतून जगभर पसरला आणि गोवा ट्रान्सची तर ती ओळखच बनली. २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली तेव्हा, हे सारे मुंबईतल्या एका वादकाने इतक्या आधी कसे केले, म्हणून जाणकार थक्क झाले. उतारवयात त्यांना परदेशी मंचांवर वाजवायला बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

या गोष्टीचे तात्पर्य 'नवे ते सगळे थोर' असे नव्हे. तात्पर्य एवढेच, की श्रोत्यांचे पहिले मत हे अनेकदा संगीताविषयी नसतेच. ते आपल्या सवयीविषयी असते. 'यंत्र' म्हणून जे झिडकारले, त्यात भैरव होता. ऐकणारा कान मात्र त्या वेळी फारसा कुणाकडे नव्हता.

उरली आईची काळजी. ती निराधार नाही, हे मुलांनी आधी मान्य करावे. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याजवळ डोणजे येथे पुणे पोलिसांनी छापा घातला आणि अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. जून २०११ मध्ये आपट्यापासून फार दूर नसलेल्या खालापूरच्या एका रिसॉर्टवर छापा पडला, तेव्हा तीनशेच्या आसपास तरुण होते. दोन्ही ठिकाणी अमली पदार्थांचा प्रश्न होता. दोन्ही ठिकाणी याच जातीचे संगीत वाजत होते, म्हणून 'ट्रान्स' हा शब्द अनेक घरांत संगीताचा प्रकार म्हणून आलाच नाही. तो बातमीतून, पोलिसांच्या गाडीसोबत आला. तमाशाच्या फडाभोवती दारू होती म्हणून लावणीला घराबाहेर ठेवणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. पुढच्या पिढीने लावणी नाट्यगृहात तिकीट काढून पाहिली. दारू वाईटच होती, लावणी वाईट नव्हती. नशेला नशा म्हणून विरोध करावा, ठामपणे करावा. पण त्यासाठी सुरांवर आरोपपत्र ठेवण्याची गरज नाही.

आणि आवाज? त्याचा निकाल तर कानाच्या आवडीनिवडीवर सोडलेलाच नाही, तो कायद्याने लावलेला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, सण-उत्सवांसाठी, ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हे नियम उचलून धरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीबद्दल सरकारला खडसावले. ज्या हणजूणने या संगीताला नाव दिले, तिथल्या आणि वागातोरच्या रहिवाशांनाही रात्रीच्या आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. डेसिबलचे गणितही ध्यानात घ्यावे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते. 'थोडाच वाढवलाय' हे म्हणणे म्हणूनच फसवे असते. हेडफोनलाही हेच लागू आहे. ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला चाळीस तास, याहून अधिक कानावर घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज वाढवावा तितका सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो.

म्हणजे एका 'डीजे' या शब्दाखाली आपण तीन वेगवेगळे खटले एकत्र चालवतो आहोत. नशेचा खटला पोलिसांचा. आवाजाचा खटला कायद्याचा. संगीताचा खटला मात्र फक्त कानाचा आणि तो आपण ऐकूनच घेत नाही. मोठी माणसे पहिल्या दोन गुन्ह्यांची शिक्षा तिसऱ्याला देतात. मुले तिसऱ्याच्या प्रेमापायी पहिल्या दोघांकडे डोळेझाक करतात. बंद दाराच्या दोन्ही बाजूंची चूक म्हणतो ती ही.

या घोळात सर्वांत मोठे नुकसान कुणाचे होते, हे पाहायलाही याच पट्ट्यात यावे. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून पुढच्या एकेक विधीला ती धवले गाते. कधी काळी लग्न लावण्याचा मानही तिचाच होता. धवळ्यांची परंपरा मराठीत किती जुनी आहे, हे तेराव्या शतकातल्या महदंबेच्या धवळ्यांवरून कळावे. धवलारीण गाते तेव्हा चाल बहुतेक एकच असते, विधीमागून विधी येतो, गीताला गीत जोडले जाते आणि रात्र सरते. सलग गुंफलेल्या संगीताची ही आपल्या घरातली रीत. पण मांडवाबाहेर बॉक्सची भिंत उभी राहिली की मांडवात पाटाशी बसलेल्या नवरीलाही धवला ऐकू जात नाही. हा ट्रान्सचा दोष नाही, कोळीगीताचाही नाही. भिंतीचा आहे. भिंतीपुढे कोणतेच संगीत उरत नाही, खुद्द डीजेचेही नाही. ज्याने खरोखर कसबाने दोन गाणी जोडली, त्याचा सांधा त्या धडधडीत कुणाला ऐकू येतो?

म्हणून वाचकांना एक घरगुती सूचना करावीशी वाटते. एखाद्या रविवारी मुलांनाच त्यांच्या आवडीचा एक अल्बम निवडू द्यावा. तो बैठकीच्या खोलीत, बोललेले ऐकू येईल एवढ्याच आवाजात, आरंभापासून शेवटपर्यंत सर्वांनी ऐकावा. मध्ये उठायचे नाही, मध्ये पुढे ढकलायचे नाही. मग ज्याने त्याने मत द्यावे, पण कारणासह. 'भारी आहे' हे मत नव्हे आणि 'कटकट आहे' हेही नव्हे. कुठला सांधा आवडला, कुठे ताणले गेले, कुठे मन लागले, कुठून सुटले, हे सांगावे लागेल. आजोबांनी भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर ऐकताना कान कमावलेला असेल, तर तो कान या कामी येईल. कदाचित नातवाहून आधी त्यांनाच कळेल, की तिसऱ्या आणि चौथ्या रचनेतला स्वर जुळत नव्हता. डीजे मंडळीही जवळच्या स्वरातल्या रचना शेजारी ठेवण्याची काळजी घेतात, हे ऐकून त्यांना गंमतच वाटेल. आणि पुढच्या रविवारी निवड आजोबांची. तिथेही तेच नियम, मुलांनाही.

मत जुळलेच पाहिजे असे नाही. सव्वा तास ऐकून आजोबा म्हणाले, 'मला नाही आवडले, कारण ठेका थांबतो तेव्हाच काय ते चांगले आहे,' तर ते ऐकणाऱ्याचे मत झाले. त्याला नातवाला उत्तर द्यावे लागेल. 'तुम्हाला नाही कळणार' हे वाक्य तिथे चालणार नाही.

हळदीच्या रात्रींचा प्रश्न घरात सुटणार नाही, तो गावाने सोडवायचा आहे. दहाला भिंत बंद झाली तर पुढची रात्र धवलारणीची आणि तिच्यामागून गाणाऱ्या बायकांची राहील. दहापूर्वी डीजे जरूर असावा. पण सुपारी देताना बॉक्स किती, हे विचारण्याऐवजी वाजवणारा कोण, तो काय निवडतो आणि मूळ गाणाऱ्यांची नावे घेतो का, एवढे तीन प्रश्न विचारले, तरी भिंतीमागचा माणूस पुन्हा दिसू लागेल. त्याचे काम चांगले की वाईट, हे मग खुशाल ठरवावे.